समुद्र सगळे खारेच, पण आतलं खाण्याचं जाळं प्रत्येकाचं वेगळं

ऑगस्टमध्ये मासेमारीबंदी उठते, होड्या बाहेर पडतात आणि थोड्याच दिवसांत त्याच बातम्या सुरू होतात, पापलेट मिळत नाही, बांगडा महागला, तारली गायब. मग कोणी म्हणतं प्रदूषण, कोणी म्हणतं बाहेरचे ट्रॉलर, कोणी एलईडी लाईट लावून केलेली मासेमारी, कोणी ग्लोबल वॉर्मिंग. यातलं एकही कारण खोटं नाही, पण गंमत अशी की सगळे एका वेळी एकाच माशाबद्दल बोलतात. केरळमध्ये २०१२ साली जवळपास ४ लाख टन तारली मिळाली होती आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही, एवढी मोठी घसरण समजून घ्यायची तर नुसती तारली बघून भागत नाही, तारली काय खाते, तारलीला कोण खातं आणि ती नसली की तिच्या जागी कोण येतं हे सगळं बघावं लागतं. आणि हे जाळं प्रत्येक समुद्रात वेगळ्या आकाराचं असतं. पेरूत जे घडलं ते जमैकात घडणार नाही, जमैकात घडलं ते अंटार्क्टिकात घडणार नाही. म्हणून जगातले वेगवेगळे समुद्र शेजारी शेजारी ठेवून बघणं खरंच उपयोगाचं आहे, आपला किनारा कुठे बसतो हे त्यातूनच कळतं.

आधी जाळं म्हणजे काय ते बघू

शाळेत आपण अन्नसाखळी शिकलो, शेवाळ, मग छोटा मासा, मग मोठा मासा, संपलं. प्रत्यक्षात सरळ साखळी कुठेच नसते. ताजा बोंबील हातात घेऊन बघा, खालचा जबडा पुढे आलेला, तोंड डोक्याच्या मानाने केवढं तरी मोठं, आत सुईसारखे मागे वळलेले दात. त्याचं पोट कापलं तर बहुतेक वेळा गुलाबट लगदा निघतो आणि त्या लगद्यात बारीक काळे ठिपके दिसतात, ते जवळ्याचे डोळे. बाकी अंग विरघळलेलं असतं, डोळे मात्र राहतात. पण त्याच पोटात कधी मांदेली सापडते, कधी स्वतःच्याच जातीचं पिल्लू सापडतं. आता तोच जवळा वाकटीही खाते, ढोमाही खातो, आणि वर माणूसही खातो. जवळा स्वतः काय खातो, तर पाण्यातले सूक्ष्म जीव आणि चिखलातला कुजलेला पालापाचोळा. कागदावर प्रत्येक खाणाऱ्यापासून खाल्ल्या जाणाऱ्यापर्यंत रेघ मारत गेलात की साखळी उरत नाही, सगळा गुंता होतो, त्यालाच अन्नजाळं म्हणायचं.

अजून एकच शब्द लागेल, प्लवक. पाण्याबरोबर वाहत जाणारे, बहुतेक अगदी बारीक जीव म्हणजे प्लवक. त्यातले उन्हावर अन्न बनवतात ते वनस्पती-प्लवक, त्यांना खातात ते प्राणी-प्लवक. समुद्रातलं जवळजवळ सगळं खाणं या वनस्पती-प्लवकांपासून सुरू होतं. तिथून वर प्रत्येक खाणारा म्हणजे एक पायरी.

प्रत्येक पायरीला दहातले नऊ भाग जातात

रेमंड लिंडमन नावाच्या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये एका छोट्या तळ्याचा हिशोब मांडला आणि तेव्हापासून ही गोष्ट पक्की झाली की खालच्या पायरीवरचं सगळं वर पोचत नाही. प्राणी जे खातो त्यातलं बरंचसं हालचालीत, श्वासात आणि विष्ठेत जातं, अंगाला लागतं ते साधारण दहावा भाग. हा आकडा कुठे ५ टक्के येतो, कुठे २० टक्के, पण सरासरी १० धरून चाललं तरी चित्र स्पष्ट होतं.

समजा दोन समुद्रांत सारखंच, १० लाख किलो वनस्पती-प्लवक तयार झालं. पेरूच्या किनाऱ्यावर ते प्राणी-प्लवक खातात, १ लाख किलो उरलं, त्यांना अँचोव्ही नावाचा छोटा मासा खातो, १० हजार किलो मासा झाला. आता भर महासागरात या. तिथलं वनस्पती-प्लवक इतकं बारीक की प्राणी-प्लवकांच्या हाती ते लागतच नाही. आधी एकपेशीय जीव त्यांना खाणार, त्यांना त्याहून थोडे मोठे एकपेशीय, मग प्राणी-प्लवक, मग छोटा मासा, मग मोठा मासा, मग ट्यूना. तेवढ्याच १० लाख किलोतून शेवटी १ किलो ट्यूना हाती येतो. सुरुवात सारखी, शेवट १० हजार आणि १. जॉन रायदर यांनी १९६९ मध्ये असाच हिशोब मांडून दाखवलं होतं की मासा कुठे भरपूर मिळेल हे नुसत्या वनस्पती-प्लवकांवर ठरत नाही, मधल्या पायऱ्या किती यावर खूप ठरतं. भर महासागराचं पाणी निळंशार आणि सुंदर दिसतं, तरी कोळी तिथे गर्दी करत नाहीत त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तिथल्या त्या बारीक जीवांत प्रोक्लोरोकॉकस नावाचा जीवाणू आहे, एका मिलीमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान, एक मिलीलीटर पाण्यात लाखभर सापडू शकतो, आणि तो माणसाला सापडला १९८० च्या दशकात. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आला तेव्हा समुद्रातला सगळ्यात जास्त संख्येने असलेला अन्न बनवणारा जीव आपल्याला माहीतसुद्धा नव्हता.

पेरू: सगळा माल एकाच घाटातून

पेरूच्या किनाऱ्यावर वारे असे वाहतात की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं. जगात असे काही मोजके किनारे आहेत, महासागराच्या जेमतेम १ टक्का जागेत, पण जगातल्या समुद्री मासेमारीचा साधारण पाचवा हिस्सा तिथून येतो.

आता या जाळ्याचा आकार बघा. खाली वनस्पती-प्लवकांच्या कितीतरी जाती. वर समुद्री पक्षी, सील, मोठे मासे, तिथेही बऱ्याच जाती. पण मधे? मधे प्रामुख्याने एकच, अँचोव्ही. कोकणातल्या एखाद्या गावाला देशावरून येणारी भाजी, धान्य, गॅस सगळं एकाच घाटरस्त्याने येत असेल तर घाट चालू असेपर्यंत गावाला काही कळत नाही, ट्रक येतात जातात, सगळं स्वस्त आणि ताजं. एका पावसात दरड कोसळली की वर माल पडून आणि खाली दुकानं रिकामी. अँचोव्ही हा पेरूचा घाट आहे. शास्त्रज्ञ अशा जाळ्याला गांधीलमाशीच्या कमरेचं जाळं म्हणतात, वर खाली रुंद आणि मधे बारीक.

दरड कोसळली ती १९७२ मध्ये. एल निनो आला, गरम पाणी पसरलं, थंड पाणी वर येणं मंदावलं. त्याआधी १९७० मध्ये पेरूने १ कोटी २० लाख टनांच्या वर अँचोव्ही पकडली होती, एका देशाने एका जातीचा एवढा मासा, आणि त्यातला जवळजवळ सगळा वाळवून, दळून कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी. १९७३ मध्ये पकड २० लाख टनांच्या आत आली. एल निनो आधीही येत होते, पण आधी एवढी उपसा करून ठेवलेली नव्हती. ज्या पक्ष्यांच्या विष्ठेच्या खतावर एकोणिसाव्या शतकात पेरूचा खजिना चालला होता त्या पक्ष्यांची संख्याही या सगळ्या काळात कोसळत गेली, कारण त्यांना दुसरा रस्ताच नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण ती बऱ्याच पुस्तकांत अजूनही जुनीच छापलेली असते. अँचोव्ही थेट वनस्पती-प्लवक खाते असं वर्षानुवर्षं मानलं जायचं, कारण पोटात त्यांच्या पेशी असंख्य दिसायच्या. २००८ मध्ये पोटातल्या जिनसांची संख्या न मोजता त्यातलं कार्बन मोजलं गेलं तेव्हा कळलं की पोषण मुख्यतः प्राणी-प्लवकांतून मिळतं. मोजायची पद्धत बदलली आणि जाळ्यातली एक पायरी बदलली.

बऱ्याच वर्षांनी अँचोव्ही परत आली, आणि आता पेरू सर्व्हे करून, पिल्लं जास्त दिसली तर हंगामच बंद ठेवतो, २०२३ चा पहिला हंगाम असाच रद्द केला.

नामिबिया: तसाच घाट, पण मासा परत आला नाही

आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर बेंग्वेला प्रवाह आहे, वारे तसेच, थंड पाणी तसंच वर येतं, मधे बारीक कंबर तशीच, फक्त अँचोव्हीच्या जागी मुख्यतः सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची बहीण. १९६८ मध्ये १० लाख टनांच्या बरीच वर पकड झाली आणि मग तो साठा बसला. पेरूचा बघितला तर वाटेल की थोडं थांबलं की परत येईल. पन्नास वर्षं झाली, उत्तर बेंग्वेलात सार्डिन पूर्वीसारखी आलेली नाही.

त्या जागी जेलीफिश आल्या. २००६ मध्ये छापून आलेल्या एका सर्व्हेत नामिबियाच्या समुद्रात जेलीफिश १ कोटी २० लाख टनांच्या आसपास आणि मासे ३६ लाख टन असा अंदाज निघाला. जेलीफिश तेच प्राणी-प्लवक खाते जे सार्डिन खायची, शिवाय माशांची अंडी आणि पिल्लंही खाते, म्हणजे सार्डिनला परत यायचं असेल तर वाटेत हीच उभी. आणि जेलीफिशच्या अंगात बहुतेक पाणीच, तिला खाऊन पेंग्विनचं पोट भरत नाही. तिथे एक छोटा चिखलात राहणारा गोबी मासा आहे, तो ऑक्सिजन नसलेल्या चिखलात तग धरतो आणि जेलीफिशही खातो, त्याला मग हेक नावाचा मोठा मासा, पक्षी वगैरे खातात. थोडाफार माल अशा आडवाटेने वर पोचतो, पण सार्डिनसारखा चरबीदार मासा तो नाही, पेंग्विन आणि गॅनेट पक्ष्यांची संख्या त्यात सावरली नाही.

पेरू आणि नामिबिया शेजारी ठेवले की मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की आकार सारखा असला तरी रिकाम्या जागेत कोण घुसतं यावर पुढचं सगळं ठरतं. घुसलेल्याला कोणी खाणारं नसेल तर तो हलत नाही.

अंटार्क्टिका: बाण वरून खालीही येतो

इथला घाट म्हणजे क्रिल, कोळंबीसारखा दिसणारा, जेमतेम ६ सेंटिमीटरचा, वजन ग्रॅम-दोन ग्रॅम. ब्लू व्हेल, सील, पेंग्विन, मासे, सगळे त्याच्यावर. ब्लू व्हेल म्हणजे जगातला सगळ्यात मोठा प्राणी आणि तो वनस्पती-प्लवकांपासून फक्त दोन पायऱ्यांवर आहे, मधे फक्त क्रिल. आधीचा हिशोब आठवा, एवढं प्रचंड शरीर पोसायचं तर पायऱ्या कमीच लागणार.

विसाव्या शतकात दक्षिणेच्या त्या समुद्रात १० लाखांच्या वर व्हेल मारले गेले. तेव्हा साधा तर्क असा होता की खाणारे गेले, आता क्रिल उतू जाईल. तसं झालं नाही. याचं एक पटणारं स्पष्टीकरण व्हेलच्या विष्ठेत आहे. त्या पाण्यात बाकी सगळं खत असतं, लोह कमी पडतं. व्हेल खोल जाऊन क्रिल खातो आणि वर येऊन विष्ठा टाकतो, त्यात लोहाचं प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सुमारे १ कोटी पट मोजलं गेलंय. त्या लोहावर वनस्पती-प्लवक वाढतात आणि त्यांच्यावर क्रिल. म्हणजे व्हेल क्रिल खात होता आणि क्रिलचं शेतही तोच राखत होता. अन्नजाळं काढताना आपण बाण फक्त खालून वर काढतो ती सवय इथे चुकते.

अंटार्क्टिकाबद्दल १९८२ पासून एक आंतरराष्ट्रीय करार लागू आहे आणि त्याची मला फार कदर वाटते, कारण त्यात क्रिल किती पकडायचा हे ठरवताना क्रिल खाणाऱ्या प्राण्यांचं काय होईल हेसुद्धा धरायचं असं लिहून ठेवलंय. तोवर जगभर एकेका माशाचाच हिशोब चालायचा.

कोरल रीफ: वाटा भरपूर, तरी जमैकात काय झालं

इथवर वाचून कोणालाही वाटेल की एका घाटावर अवलंबून राहू नये, दहा रस्ते असावेत. प्रवाळाचे रीफ नेमके तसे असतात. कॅरिबियनमधल्या एका रीफच्या जाळ्यात शास्त्रज्ञांनी जवळपास अडीचशे गट मोजलेत आणि हजारो रेघा. एक गेला तर त्याचं काम करणारे चार.

जमैकात शेकडो वर्षं किनाऱ्याजवळची मासेमारी चालू होती. आधी मोठे मासे गेले, मग शेवाळ खाणारे पोपट मासे आणि सर्जनफिश कमी झाले. पण रीफ चांगला दिसत होता, १९७० च्या दशकाच्या शेवटी निम्म्या तळावर जिवंत प्रवाळ होता. शेवाळ खाण्याचं काम तोवर जवळजवळ एकट्या काळ्या लांब काट्यांच्या समुद्री साळिंदरावर, म्हणजे सी अर्चिनवर येऊन पडलं होतं. १९८० मध्ये मोठं चक्रीवादळ आलं, प्रवाळ तुटला, तरी अर्चिन शेवाळ चरून जागा साफ ठेवत होते, प्रवाळ पुन्हा धरायला लागला होता. १९८३ मध्ये पनामाजवळ एक रोग सुरू झाला आणि साधारण वर्षभरात सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरला, ९० टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. शेवाळाने प्रवाळ झाकून टाकला. ९० च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकात जिवंत प्रवाळ ५ टक्क्यांच्या खाली होता.

नऊ घाट एकेक करून बंद पडत गेले, दर वेळी माल उरलेल्या घाटांतून येत राहिला म्हणून कोणाला जाणवलं नाही, आणि शेवटचा बंद पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं रोगानेच सगळं केलं. रोग शेवटचा होता. पेरूची कंबर निसर्गानेच बारीक केलेली होती, जमैकाची माणसाने केली.

मग जास्त जाती म्हणजे मजबूत जाळं, एवढंच ना?

एवढं सोपं नाही. रॉबर्ट पेन यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या खडकाळ किनाऱ्यावर एक साधा प्रयोग केला, खडकाच्या एका पट्ट्यावरचे तारामासे उपटून लांब फेकत राहिले, शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासे शिंपले खायचे. ते गेल्यावर शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि आधी तिथे ज्या १५ जाती होत्या त्यांच्या थोड्याच काळात ८ उरल्या. म्हणजे एक जात काढली आणि सात आपोआप गेल्या. तारामासे तिथे संख्येने फार नव्हते. बाकी कुठलीही एक जात काढली असती तर एवढा फरक पडलाच असता असं नाही.

२००४ मध्ये जेनिफर डन आणि सहकाऱ्यांनी बेंग्वेला, कॅरिबियन रीफ आणि अमेरिकेचा ईशान्य किनारा यांची जाळी कॉम्प्युटरवर शेजारी ठेवून पाहिली, एकेक जात काढत गेले. कुठलीही जात चिठ्ठी टाकून काढली तर जाळं बराच वेळ टिकतं, पण ज्यांना सगळ्यात जास्त रेघा जोडल्यात त्या निवडून काढल्या तर लवकर बाकीच्या जाती निराधार होतात. आणि मासेमारी चिठ्ठ्या टाकून होत नाही, आपण निवडूनच काढतो, जो चवीला चांगला, जो थव्याने सापडतो, जो मोठा.

मोठे मासे गेले तर छोटे वाढतील, बरंच आहे की

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि त्यात तथ्य आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर कॉड मासा एवढा पकडला की १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी सरकारला बंदच करावी लागली, हजारो कोळी एका दिवसात रिकामे झाले. त्याच पट्ट्यात नंतर कोळंबी आणि खेकडा भरपूर वाढले, कारण त्यांना खाणारा गेला, आणि त्यांना बाजारात भाव चांगला मिळाला. पैशाचा विचार केला तर काही गावं सावरली हे खरं आहे.

पण बंदी उठायला २०२४ साल उजाडलं, तीसहून जास्त वर्षं. कॉड लवकर का सावरला नाही त्याचं एक कारण शेजारच्या नोव्हा स्कोशियाच्या समुद्राबद्दल असं सांगतात की कॉड ज्या छोट्या माशांना खायचा ते इतके वाढले की तेच कॉडची अंडी आणि पिल्लं खायला लागले. नामिबियाची जेलीफिश आठवते ना, तीही अशीच अंडी आणि पिल्लं खायची. शिकारी संख्येने कमी झाला की त्याचं भक्ष्यच त्याच्या पिल्लांचं शिकारी होतं. आणि कोळंबी-खेकड्यावर उभा राहिलेला धंदा म्हणजे पुन्हा एकच घाट.

पण हे कळतं कसं, पाण्याखाली बसून कोण मोजतं?

शंका रास्त आहे. सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे पोट कापून बघणं. मांस लवकर विरघळतं, पण माशाच्या कानातला छोटा खडा आणि माकुलाची चोच टिकते, आणि त्या खड्याच्या आकारावरून कुठला मासा होता, किती मोठा होता हे ओळखता येतं. पण त्यातून फक्त शेवटचं जेवण कळतं.

दुसरी पद्धत मला फार आवडते. नायट्रोजनचा एक थोडा जड प्रकार असतो, आणि प्रत्येक पायरी वर गेलं की अंगातलं त्याचं प्रमाण ठराविक मापाने वाढतं, हजारात साधारण ३.४ भाग. म्हणजे माशाचा चिमूटभर तुकडा यंत्रात घातला की गेल्या काही महिन्यांत तो सरासरी कितव्या पायरीवर जेवला ते कळतं, पोट रिकामं असलं तरी. तिसरी पद्धत म्हणजे हे सगळं एकत्र करून कॉम्प्युटरवर हिशोब जुळवणं. त्यासाठी जगभर वापरलं जाणारं इकोपाथ हे सॉफ्टवेअर १९८० च्या दशकात हवाईजवळच्या एका रीफच्या अभ्यासातून सुरू झालं.

तरी तुलना करताना एक गोष्ट सांभाळावी लागते. एका शास्त्रज्ञाने सगळे प्राणी-प्लवक एकाच चौकटीत कोंबले आणि दुसऱ्याने प्रत्येक जात वेगळी लिहिली तर दुसऱ्याचं जाळं गुंतागुंतीचं दिसणारच, समुद्र तसा असो वा नसो. बेंग्वेलाच्या त्या जाळ्यात तीसच्या आसपास गट आहेत आणि रीफच्या जाळ्यात अडीचशे, त्यातला किती फरक समुद्राचा आणि किती मोजणाऱ्याचा हे बघूनच पुढे बोलावं लागतं. म्हणून कुठल्या जाळ्यात किती जाती या आकड्यावर मी फार विसंबत नाही, मधे किती वाटा आहेत हे विचारतो.

आता आपला किनारा

महाराष्ट्राचा किनारा एकच वाटतो पण त्यात दोन वेगळी अन्नजाळी आहेत. पालघर, वसई, मुंबईपासून रायगडपर्यंत भरती-ओहोटीचा जोर मोठा, पाणी गढूळ, खाड्या आणि कांदळवनातून पालापाचोळा येत राहतो. इथे मधे उभा आहे तो जवळा. सातपाटी, उत्तन, वर्सोव्याकडची डोल जाळी भरतीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून बांधलेली असते, त्यात बोंबील, मांदेली, जवळा सगळं एकदम येतं. म्हणजे माणूस इथे बोंबलालाही पकडतो आणि बोंबलाच्या जेवणालाही, एकाच जाळ्यात. खाली सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे गेलात की पाणी स्वच्छ, किनारा खडकाळ, आणि मधे आहेत तारली आणि बांगडा, ज्यांच्यासाठी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात. हे जाळं पेरूच्या जास्त जवळचं, पावसाळ्यातल्या वाऱ्यांनी खालचं थंड पाणी वर येणं आपल्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरही होतं, केरळकडे सगळ्यात जोरात.

त्यामुळे रायगडातला उपाय मालवणला चालेलच असं नाही. उत्तरेला कांदळवन तोडलं, खाडी बुजवली तर जवळ्याच्या ताटातला एक हिस्सा जातो. दक्षिणेला तारलीचं नशीब वारा, पाण्याचं तापमान आणि पिल्लं पकडण्यावर जास्त अवलंबून.

आणि त्या निळ्या लाटांचे व्हिडिओ. रात्री किनाऱ्यावर लाट फुटताना निळा उजेड पडतो, लोक गर्दी करून बघायला जातात. तो उजेड बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या जीवाचा असतो, एकच पेशी, पण मिलीमीटरभर मोठी. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात आधी डायटम नावाचे वनस्पती-प्लवक फुलायचे, ते प्राणी-प्लवक खायचे, त्यांना मासे. साधारण २००० नंतर तिथे हिरवा नॉक्टिल्युका मोठ्या प्रमाणात फुलायला लागला. त्याच्या पोटात हिरवे शैवाल राहतं, त्यामुळे तो उन्हावरही जगतो आणि डायटम खाऊनही जगतो, वर ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात त्याचं चांगलं चालतं. आणि तो प्राणी-प्लवकांच्या तोंडात मावत नाही. त्याला खातात ते जेलीफिश आणि साल्प नावाचे पारदर्शक जीव. म्हणजे जो माल माशांच्या घाटाने जायचा तो दुसऱ्याच रस्त्याला वळतोय. पापलेट, समुद्री कासवं असे काही प्राणी अशा लिबलिबीत जीवांना खातात, त्यामुळे तो रस्ता पूर्ण बंद नाही, पण नामिबिया डोळ्यासमोर ठेवून मला याची खरंच काळजी वाटते.

बाजारात उभं राहून मी काय करायचं?

पहिलं म्हणजे खालच्या पायरीवरचा मासा खाण्यात काही कमीपणा नाही. १ किलो सुरमई तयार व्हायला समुद्राला जेवढं लागतं तेवढ्यात तारली कितीतरी जास्त होते. तारली, बांगडा, मांदेली मिळत असेल तेव्हा तीच घ्या. तारली दळून कोंबडीच्या आणि कोळंबीच्या खाद्यात घालण्यापेक्षा ताटात आलेली बरी.

दुसरं, पिल्लं घेऊ नका. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली, पापलेटसाठी १३५ मिलीमीटर, बोंबलासाठी १८० मिलीमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्य मासाही झाला. तळहाताएवढंही नसलेलं पापलेट पाटीत स्वस्त दिसतं, ते एकदाही अंडी न घालता आलेलं असतं, विकणाऱ्या मावशींशी वाद घालायची गरज नाही, फक्त मोठं मागायचं, मागणी बदलली की पाटी बदलते.

तिसरी गोष्ट ग्राहकाच्या हातात नाही. लांबीचे नियम चांगलेच आहेत, पण त्यात प्रत्येक मासा सुटा मोजला जातो. जवळा किती काढला तर बोंबील, वाकटी आणि ढोम्याला किती उरेल, हा हिशोब अंटार्क्टिकात क्रिलसाठी ४० वर्षांपूर्वी सुरू झाला. आपल्याकडे मासळी उतरण्याच्या बंदरांवरचे आकडे दर वर्षी गोळा होतात, पोटं तपासणारे अभ्यासक आहेत, गोव्यात राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे, कोचीत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे, आणि डोलीत कुठल्या महिन्यात काय येतं हे सांगणारे जुने कोळी आहेत. जवळ्यापासून सुरुवात करायला एवढं पुरे आहे.